काळं फासणं आणि भिंत रंगवणं एक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भिंतीवरचं लिखाण म्हणजे विद्रूपीकरण, ते सरसकट पुसून टाका, असा सूर हल्ली वाचकपत्रांतून उमटतो आहे. शहर स्वच्छ दिसावं असं मलाही वाटतं. आक्षेप आहे तो 'सरसकट'ला.

मोकळी भिंत दिसली की माणसाचा हात शिवशिवतो, हे जुनंच आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात निवडणुकीचा प्रचार, प्रेमप्रकरणं, शिवीगाळ असं अकरा हजारांहून अधिक लिखाण भिंतींवर सापडलं. एका वात्रटाने तर भिंतीलाच विचारलंय, की इतक्या जणांची बडबड अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस! आज अभ्यासकांना त्याचं मोल फार. पण म्हणून बुरुजावर बाण घातलेला बदाम कोरणाऱ्या पोरांनी पॉम्पेईचा दाखला देऊ नये. आपण लिहितो त्याच्या खाली काय आहे, हे आधी बघावं लागतं.

श्रीलंकेत सिगिरियाच्या प्राचीन कातळकिल्ल्याला येणाऱ्यांनी आठव्या ते दहाव्या शतकात तिथल्या चित्रांतल्या स्त्रियांवर कविता केल्या. पण कोरल्या त्या चित्रांवर नव्हे, वाटेकडेच्या गुळगुळीत गिलाव्यावर. पुरातत्त्वज्ञ परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. उलट अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपलं नाव थेट रंगवलेल्या आकृतीवर कोरलं. लेणी 'सापडल्याची' तारीख म्हणून आपण ती पाठ करतो. मी तिला ओरखडाच म्हणेन. संरक्षित वास्तूची अशी नासधूस केली तर आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिरासारख्या ठिकाणी हा कायदा जरूर कडक चालवा.

पण गावातल्या घराची, तालमीची भिंत? 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा सीमाभागातल्या भिंतींनीच घरोघरी पोचवली. चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेरू नाहीतर नीळ, धरून राहावी म्हणून डिंक टाकलेली. आमच्या खानापूरकडचा पाऊस आपण जाणताच. अक्षरं धुऊन जायची आणि कर्नाटकाच्या स्थापनादिनी, १ नोव्हेंबरला, इथले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाआधी पुन्हा उमटायची. कुणाचा हात आहे ते वळणावरून कळायचं. 'ळ' डौलदार काढणाऱ्याला भाव असे. घोषणा पटो न पटो, तो सहा-सात दशकांचा दस्तऐवज आहे. शेजारच्या भिंतीवरच्या कन्नड घोषणाही तितक्याच जपाव्यात, हे सांगितल्यावर आमच्यातलेच काही जण माझ्यावर चिडतील. चिडोत.

दुसऱ्याच्या पाटीला काळं फासणं मात्र यात बसत नाही, पाटी मराठी असो वा कन्नड. त्यात ना अक्षर, ना म्हणणं. कारवाईचा उत्साह असेल तर तो आधी तिथे दाखवावा.

आता सुशोभीकरणाच्या नावाने मोर, कमळं आणि 'पाणी वाचवा' रंगवण्याची टूम आहे. रंगवा, पण चुना फासण्याआधी जुन्या भिंतीचा फोटो घ्या. गाव, जागा, अंदाजे साल लिहा, लिहिणारा हयात असेल तर त्याला बोलतं करा. सार्वजनिक वाचनालयाने हे संग्रही ठेवावं आणि आपल्या दैनिकाने आठवड्याला एक भिंत छापावी. खानापूर तालुक्यातल्या भिंतींपासून सुरुवात करायला मी तयार आहे. पावसाळ्याआधी ठरलं तर बरं.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव