फोटो काढून घे की!

प्रिय सुन्या,

फोनवर म्हणालास ना, मोबाईल हातात असताना म्हाताऱ्या माणसाला तासतास कशाला बसवून ठेवायलास, फोटो काढ अन् रंगव. तेव्हा गडबडीत होतो, आता सविस्तर लिहितो.

इथं संभाजीनगरात आमच्याकडं सध्या पोर्ट्रेटला एक मामा येतात, पैठणकडचे, धोतर-पटका, गालाची हाडं वर आलेली. पहिल्या दिवशी स्टुलावर बसले ते मान ताठ, डोळे समोर, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखे. क्लिक केलं असतं तर तेवढंच मिळालं असतं. वीस मिनिटं पोज, मग थोडा आराम, असं चालतं, पायाभोवती खडूनं खुणा करून ठेवतो म्हणजे तंबाखू मळून आले की परत तिथंच बसतात. तर दोन-तीन बैठका झाल्यावर मान आपोआप डावीकडं कलली, खालचा ओठ सैल सुटला, अन् बघतो तर समोर वेगळाच माणूस! आधीचा चेहरा सरळ खरवडून काढला, आता हाच रंगवायलोय.

आणि बघणं काय एकतर्फी नसतंय, मामा पण दिवसभर माझ्याकडंच बघायलेत. मी अडलो की त्यांना बरोबर कळतं, "कानापाशी गाडी रुतली का रे?"

फ्रेंच चित्रकार सेझाननं १८९९ ला व्होलार नावाच्या आर्ट डीलरला ११५ वेळा बसवलं, सफरचंदासारखा गप बस म्हणायचा, अन् एवढं करून शेवटी काय, तर शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय म्हणे. चित्र लई भारी, पण माणसाला सफरचंद म्हणणं आपल्याला नाही पटत बुवा. चित्रकार हळदणकरांची ती दिवा धरलेली बाई आठवते का, म्हैसूरला आहे, लोक रविवर्म्याची समजतात, अन् ऑइल नाही, वॉटरकलर आहे ते. तिथं उभी आहे त्यांची स्वतःची मुलगी, गीता. घरचंच माणूस, पैशाचा विषयच नाही.

परक्याचा मात्र येतो. लंडनच्या सू टिलीला चित्रकार लुसियन फ्रॉइडनं १९९५ मध्ये रंगवलं, सरकारी ऑफिसात नोकरी करणारी बाई, बसायचे दिवसाला २० पौंडाच्या आसपास मिळायचे, अन् २००८ ला ते चित्र ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेलं! आमच्याकडं तर मॉडेलचं नावसुद्धा कुणी लिहीत नाही. मी कॅनव्हासच्या मागं मामांचं लिहून ठेवलंय.

तुझी आयडिया त्यांच्या कानावर घातली, फोटोवरून करू का म्हणून. तर म्हणाले, "कर की. पण हजेरीचे पैसे मला देणार का फोटोला, ते आधी सांग."

तुझा,
बाळ्या