लॉक-अप अडखळतो म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

महोदय,

आपल्या वाहन पुरवणीतील जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांवरच्या लेखात ‘लॉक-अप अडखळू लागला की टॉर्क कन्व्हर्टर बदलून घ्यावा’ असा सरसकट सल्ला आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, आणि लॉक-अप म्हणजे त्यातला क्लच लागून दोन्ही थेट जोडले जाणे. आपला अंक इंटरनेटवर अमेरिकेत आणि कॅनडातही वाचला जातो. ट्रेलर ओढायला किंवा शेतीकामाला इकडच्या मराठी कुटुंबांनी जुने डिझेल पिकअप ट्रक ठेवलेले असतात. त्यांनी हा सल्ला मानला तर हजारो डॉलर खर्चून गिअरबॉक्स उतरेल, नवा कन्व्हर्टर बसेल आणि गाडी पहिल्याच दिवशी पुन्हा तशीच अडखळेल. म्हणून हे पत्र.

उदाहरण घेतो १९९८ ते २००२ या काळातल्या ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिनाच्या डॉज रॅमचे. यात ४७आरई हा चार गतींचा गिअरबॉक्स असतो. तक्रार ठरलेली: सपाट रस्त्यावर ताशी ७०-८० किलोमीटरने, पाय हलकाच ठेवून चालवताना आरपीएमचा काटा दोन-तीनशेने वर-खाली होतो आणि गाडी हिसके देते. पाय जरा दाबला की सगळे शांत. कन्व्हर्टरचा क्लच खरोखर झिजला असेल तर नेमके उलटे घडते. हलक्या पायावर तो धरून ठेवतो आणि चढावर, ट्रेलरच्या ओझ्याखाली घसरतो. एवढा फरक नीट पाहिला तरी अर्धे निदान झाले.

हिसका लॉक-अपचा की गिअरचा, हे आधी ठरवा. लॉक-अप लागलेला असताना उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. लॉक-अप सुटतो आणि काटा, समजा, १,७०० वरून २,००० च्या आसपास जातो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, सुटून तिसरा गिअर पडला असता तर तोच काटा २,४०० च्या पुढे गेला असता, कारण चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.६९ आणि तिसऱ्याचे १ आहे. तक्रारीतली उडी अशी तीनशेच्या आसपासची असेल तरच पुढचे वाचा.

लॉक-अप केव्हा लावायचा हे गाडीतला कॉम्प्युटर प्रामुख्याने वेग आणि अॅक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरचा सिग्नल पाहून ठरवतो. हा सिग्नल पाच व्होल्टच्या आतला, सरळ डीसी असतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये एसीचे डीसी करणारे डायोड असतात. त्यातला एखादा गेला की चार्जिंगच्या डीसीमध्ये एसीची लहर मिसळते. ती अर्थिंगमधून आणि शेजारच्या वायरींतून या सिग्नलवर चढते. पाय स्थिर असूनही कॉम्प्युटरला पेडल थरथरताना दिसते आणि तो लॉक-अप सोडतो-लावतो. बॅटरी चार्ज होतच असते, त्यामुळे अल्टरनेटरवर कोणी संशय घेत नाही.

तपासायला लागतो एक चांगला मल्टिमीटर. इंजिन गरम करून १,५०० ते २,००० आरपीएमवर धरा, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि दुसरे त्याच्या बॉडीला टेकवा. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.१ च्या वर गेला तर डायोड संशयित. स्वस्तातले काही मीटर इथे फसवतात. डीसीच फुगवून पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात आणि वायरी उलट्या लावल्या की शून्य. असे मीटर या कामाचे नाही.

मग पक्की खात्री. इंजिन बंद करा, अल्टरनेटरचा दोन वायरींचा छोटा प्लग काढा आणि दिवसाउजेडी, दिवे-ब्लोअर बंद ठेवून १५ मिनिटे त्याच रस्त्यावर चालवा. या गाडीला दोन बॅटऱ्या असतात, तेवढा वेळ त्या पुरतात. चार्जिंगचा दिवा लागेल, कॉम्प्युटरमध्ये दोषाचा कोडही नोंदला जाईल, घाबरू नका. हिसके थांबले तर दोष गिअरबॉक्समध्ये नाही. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही काढू नका. व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो.

रिबिल्ट (जुना दुरुस्त केलेला) अल्टरनेटर घेतलात तर बसवल्याबरोबर हीच मोजणी पुन्हा करा. दुकानातून आलेला ‘नवा’ही याच कारणाने परत करावा लागतो. सोबत दोन्ही बॅटऱ्यांची चारही टर्मिनल आणि इंजिन ब्लॉकवरचे अर्थिंग घासून स्वच्छ करा. इंजिन चालू, दिवे चालू, मीटर डीसीवर ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि ब्लॉक यांच्यात ०.१ व्होल्टहून जास्त दिसता कामा नये. सेन्सरची वायरिंग चार्जिंगच्या जाड केबलला चिकटून जात असेल तर वेगळी बांधा. वायरींवर अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्याचा उपाय बरेच जण करतात. त्याने लक्षण दबते, पण खराब डायोड तसाच राहतो.

अल्टरनेटर निर्दोष निघाला तर पेडलचा सेन्सर पाहा. चावी चालू, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा. सेन्सरच्या सिग्नलचे व्होल्टेज सलग चढले पाहिजे, मध्येच पडले तर सेन्सर गेला. ब्रेक लाइटचा स्विचही विसरू नका. तो ढिला असेल तर खड्ड्यात हेलकावा बसला की कॉम्प्युटरला ब्रेक दाबल्यासारखे वाटते. मागून कोणाला तरी दिवे पाहायला सांगा.

ऑइलची पातळी या गिअरबॉक्समध्ये गरम इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये पाहायची, पार्कमध्ये नाही. पार्कमध्ये पंप कन्व्हर्टरला ऑइल पाठवत नाही, त्यामुळे पातळी खोटी जास्त दिसते. पातळी कमी असेल तर एटीएफ प्लस ४ या प्रकारचे ऑइल टाका. ऑइल काळे आणि जळक्या वासाचे असेल, ओझ्याखाली लॉक-अप घसरत असेल आणि पी०७४० कोड येत असेल, तर कन्व्हर्टर खरोखर संपला आहे. पी०७४३ मात्र लॉक-अप लावणाऱ्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सर्किटचा कोड आहे. त्यासाठी आधी गिअरबॉक्सवरचा कनेक्टर आणि वायर पाहावी. सोलेनॉइडच गेला तरी तो तळाचा पॅन काढून बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

शेवटी, डॅशबोर्डवर वेगळा स्विच लावून लॉक-अप हाताने चालवण्याची युक्ती सर्रास सुचवली जाते. ती करू नये अशी कळकळीची विनंती आहे. सिग्नलला थांबताना स्विच बंद करायचा राहिला तर इंजिन दबून बंद पडते, आणि लॉक केलेल्या कन्व्हर्टरवर पूर्ण जोर दिला तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून जोर आत घेणारा दांडा) तुटू शकतो. डायोडच्या दुरुस्तीपेक्षा तो खर्च कितीतरी पट मोठा आहे.

आपला,
एक मराठी मेकॅनिक, डॅलस (टेक्सस)