आधी नोंदवही, मग इमारत

प्रति,
संपादक

महोदय,

दरवर्षी १८ मेला संग्रहालय दिन आला की सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयाचे कौतुक होते. मग कुणीतरी सुचवते, की सांगली-साताऱ्याच्या एखाद्या श्रीमंत हौशी संग्राहकानेही आपल्या चिनी बरण्या, जपानी लाखेचे डबे, बिदरी सुरया लोकांसाठी खुल्या कराव्यात. जरूर कराव्यात. पण अशा बेतात पहिला माणूस बोलावला जातो तो आर्किटेक्ट, आणि चुकायला तिथूनच सुरुवात होते.

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली औंधचे संग्रहालय उघडले. संस्थान गेले, पण राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे दगडी शिल्प आजही टेकडीवर पाहायला मिळते, कारण पुढे ते शासनाने सांभाळले. हैदराबादचे तिसरे सालारजंग १९४९ साली वारल्यावर दोनच वर्षांत त्यांच्या हवेलीत संग्रहालय सुरू झाले. ते अविवाहित होते, थेट वारस नव्हता. त्या पसाऱ्याला कायद्याचे छत्र मिळाले ते १९६१ साली, संसदेने कायदा केल्यावर. उलट अमेरिकेतल्या चार्ल्स फ्रीअर यांनी चीन-जपानच्या वस्तूंचा संग्रह १९०६ सालीच सरकारच्या नावे केला आणि इमारतीचे पैसेही दिले. अटही लिहून ठेवली, की इथली वस्तू बाहेर जायची नाही आणि बाहेरची इथे मांडायची नाही. संग्रहालय उघडले १९२३ साली, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी. अट जाचक वाटेल, पण मागे राहिलेल्यांना भांडायला जागा उरली नाही.

म्हणून सुरुवात दाखल नोंदवहीने करावी. वही पक्क्या बांधणीची, पानांवर छापील आकडे असलेली हवी. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि त्यापुढे माप, वजन, साहित्य, कुठून व केव्हा घेतली, पावती आहे का, कुठे टवका, कुठे जुना सांधा, आणि फोटो. संगणकावर प्रत ठेवावी, पण मूळ म्हणजे वही. सरावलेला माणूस दिवसाला दहा-बारा वस्तू नीट नोंदवतो. हजार वस्तूंचा संग्रह असेल तर चार महिने धरा. हे काम मालक हयात असताना व्हायला हवे, कारण अमुक बरणी कुठल्या लिलावातली हे बहुधा त्यांच्याच डोक्यात असते.

क्रमांक लिहिणे हे वाटते तितके सोपे काम नाही. स्टिकर लावला तर काही वर्षांत गोंद पिवळा पडतो आणि काढताना चिनी मातीवरचा सोनेरी वर्ख सोबत घेऊन येतो. नेलपॉलिशही नको, त्याचे पापुद्रे सुटतात. तळाशी, सहज दिसणार नाही अशा जागी, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर द्यावा. वाळला की त्यावर बारीक निबेने क्रमांक घालावा आणि वर पुन्हा एक थर द्यावा. उद्या पुसायचा झाला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने निघतो. लाखेच्या किंवा रंगवलेल्या वस्तूवर मात्र हे करू नये, तिला सुती फितीने चिठ्ठी बांधावी.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते साफसफाईत. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने तो काळा होतो आणि चांदीची नक्षी पांढरीच राहते. दिवाळीच्या आधी कुणी हौसेने चिंच किंवा पितांबरी लावली, की तो काळेपणाच निघून जातो. मग सुरई राखाडी दिसते आणि वेल हरवते. जपानी लाखेचा डबा ओल्या फडक्याने पुसला, तर उन्हाने थकलेल्या लाखेवर पांढुरके डाग उठतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस्स. किटलीचा कान किंवा बरणीची कड धरून उचलू नये, कारण जुने सांधे तिथेच सुटतात.

लाख आणि कापड यांना उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर नको. चिनी माती जास्त सोसते, म्हणून खिडकीजवळची जागा तिला द्यावी. आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के ठेवावी. आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, लाख उचलली जाते, आणि जुलैत तेच लाकूड फुगते. नुसता दिवसा चालणारा एसी ही चढउतार वाढवतो. घट्ट बंद शोकेस आणि ओल शोषणारे सिलिका जेल स्वस्तात जास्त काम करतात. शोकेसमध्ये लोकरी फेल्ट नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

कायद्याचे थोडे. शंभर वर्षांवरच्या दगडी-धातूच्या मूर्ती आणि चित्रे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदवाव्या लागतात, आणि मालकी विश्वस्त संस्थेकडे देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. हस्तिदंताचे प्रकरण वेगळे आहे. वन्यजीव कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो वारशाखेरीज दुसऱ्याकडे जाणे जवळपास बंद झाले आहे, तेव्हा दानपत्र करण्याआधी वन खात्याला विचारावे. विश्वस्तपत्रात ठेवीचा आकडा आणि तिच्या व्याजातून कोणाचा पगार निघणार, हेही लिहिलेले हवे. उद्घाटनानंतर दुसऱ्या वर्षी पहिली नोकरी जाते ती जतन करणाऱ्याची.

आणि जागा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तरीही भांडार तळघरात ठेवायचे बेत ऐकू येतात, कारण वरचा मजला सभागृहाला हवा असतो. पुराच्या पाण्यात चिनी माती टिकते, पण जुना सरसाचा सांधा काही तासांत सुटतो आणि गाळातून तुकडे वेचावे लागतात. सभागृह खाली न्यावे आणि भांडार वर.

आपले,
वस्तुजतनाचे काम करणारे दोन वाचक, मिरज