पाच लाखांची वाटणी: सुहासला पत्र

पुणे, 2 जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ट्रस्टचे 5 लाख रुपये एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांवरच्या संशोधनाला द्यायचं ठरवलंत, याचा फार आनंद झाला. बालमार्गदर्शन केंद्राचा प्रस्ताव दोनदा वाचला. विषय योग्य आहे, डॉक्टर मंडळी मनापासून काम करतायत हेही दिसतं. पण पैशांची वाटणी बदलून मागा. कार्यशाळा, लॅपटॉप आणि संगणकावरची लक्ष मोजण्याची चाचणी यांत निम्मी रक्कम संपते, आणि मूल दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भेटीला कसं येणार यावर जेमतेम एक ओळ आहे.

माझा सगळा जोर या येण्यावर का, ते सांगतो. अमेरिका-कॅनडातल्या एमटीए या एडीएचडीच्या उपचारांवरच्या मोठ्या अभ्यासात 7 ते 9 वर्षांची 579 मुलं होती. 14 महिने चार गटांत उपचार झाले आणि 1999 साली निष्कर्ष छापून आले. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या डॉक्टरांकडेच ठेवलं होतं. त्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतं, तरी अभ्यासातून औषध मिळालेली मुलं जास्त सुधारली. फरक औषध देण्याच्या पद्धतीत होता. अभ्यासातले डॉक्टर दर महिन्याला अर्धा तास भेटत, शिक्षकांकडून माहिती घेत, मात्रा त्यानुसार बदलत. बाहेर वर्षातून एखाद-दुसरी भेट व्हायची आणि मात्रा कमी असायची. तीन वर्षांनी गटांमधला फरक पुसला गेला. त्याच मुलांचा 16 वर्षं माग ठेवला तेव्हा सुमारे 64 टक्के जणांची लक्षणं जात-येत राहिलेली दिसली. अशा दुखण्यात एकदाच मोजून काय कळणार?

म्हणून हिशेब असा मांड. शेवटी 60 मुलांची पूर्ण माहिती हवी आणि चौथाई गळती धरली, तर 60 ला 0.75 ने भागायचं, म्हणजे 80 मुलं घ्यायची. प्रस्तावात 60 मध्ये 25 टक्के मिळवून 75 धरलीत. त्यातली चौथाई गळली की 56 उरतात. 80 कुटुंबं, प्रत्येकी 4 भेटी, एसटीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीपोटी 300 रुपये धरले तर 96,000 होतात. फोन करणारा, शाळेत जाणारा, फॉर्म तपासणारा एक समन्वयक 18,000 रुपयांवर 15 महिने ठेवला तर 2,70,000. उरलेल्या 1,34,000 मध्ये पालक-शिक्षकांनी भरायच्या लक्षणांच्या इंग्रजी प्रश्नावलीचं मराठीकरण, छपाई आणि उंची-वजनाची चांगली साधनं बसतात. संगणक-चाचणी वगळली तरी चालेल. एडीएचडीचं निदान त्या चाचणीवर होत नाही. ते होतं 12 वर्षांच्या आधीपासून, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणाऱ्या लक्षणांवरून.

मराठीकरणात घाई नको. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने उलट इंग्रजीत न्यायचं. मग 30-40 पालक-शिक्षकांना एकेक वाक्य वाचून दाखवून ‘तुम्हाला काय समजलं?’ विचारायचं. ही शेवटची पायरी नेहमी गाळली जाते. मोटार बसवल्यासारखं मूल सतत हालत असतं, या अर्थाच्या वाक्याला कुणी ‘पायाला भिंगरी’ लिहिलं की पालकांच्या डोळ्यांपुढे गावोगाव हिंडणारा माणूस येतो! ‘बरेचदा’ हा शब्दही घसरडा आहे. 60 मुलांच्या वर्गातल्या बाईंचं बरेचदा वेगळं आणि आईचं वेगळं. ‘आठवड्यातून किती दिवस’ असं विचारलं तर काय कळतं, तेही याच पायरीवर तपासून घ्या.

औषध घेणाऱ्या मुलांच्या फॉर्मवर गोळीची वेळ आणि शाळेची वेळ या दोन्ही हव्यात. एडीएचडीसाठी देतात त्या मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास राहतो. सकाळी 7 ला गोळी घेतली आणि शाळा दुपारची असली, तर बाई ‘काहीच फरक नाही’ लिहिणार, आणि त्यांचं खरंच असेल. डबा तसाच परत येतो का, हेही विचारायला हवं, कारण भूक मंदावते. उंची दर वेळी दिवसाच्या एकाच सुमारास मोजायची, संध्याकाळपर्यंत ती थोडी कमी भरते. रक्तदाब आणि नाडीसुद्धा नोंदवायची. हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते, त्यामुळे सगळी दुकानं ते ठेवत नाहीत. गोळी न मिळालेले दिवस वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर औषधाचा दोष आणि दुकानाची अडचण एकमेकांत मिसळतील.

पहिला चेक देण्याआधी सीटीआरआयचा (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीचं मंजुरीपत्र मागून घे. पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही हवा: 7 ते 12 वयात तोंडी, त्यापुढे 18 पर्यंत लेखी. तो कागद मोठ्यांच्या कागदाची नक्कल नसावा. आणि 16-17 वर्षांच्या मुलांचा स्वतःचा मोबाइल नंबर घ्या, शिवाय एका मावशीचा किंवा काकांचा. बारावीनंतर ही मुलं होस्टेलला जातात आणि तिथेच उपचाराचा धागा तुटतो. मला सर्वांत जास्त काळजी याच मुलांची वाटते.

वेळापत्रकाचं तेवढं सांभाळ. पहिली मोजणी ऑगस्टच्या मध्यावर करा, तोवर वर्गशिक्षकांना मूल दोन महिने पाहून झालेलं असतं. पुढच्या भेटी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. बाराव्या महिन्यात शिक्षक बदललेले असतील, म्हणून त्याच बाईंकडून एप्रिलमध्ये एक जादा फॉर्म भरून घ्या. समितीची मंजुरी जुलैअखेर आली नाही, तर ऑक्टोबरात घाईने सुरू करू नका; तेव्हा सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. नोव्हेंबरअखेरीला सुरुवात करा आणि समन्वयकाचे महिने त्याप्रमाणे पुढे ढकला. सुधारलेलं अंदाजपत्रक आलं की मला पाठव, मी आठवड्यात वाचून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन