टक्क्यांमागचा हिशेब दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बॅटरी नीट चालते आहे, हे फोनवर सांगून झालंच आहे. तरी हे पत्र जाहीरपणे लिहितोय. तुम्ही समजावलेलं आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं आणि एका अनोळखी माणसासाठी तुम्ही दिलेल्या वेळेची नोंद कुठेतरी राहावी, असं मनापासून वाटलं.

आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची, १०० ॲम्पिअर-तासांची. पडद्यावर निम्म्याहून जास्त चार्ज दिसत असतानाच बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट, पुरवठा तोडायचं. वडिलांचं रात्रीचं श्वासाचं यंत्र तिच्यावरच चालतं, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबूनच आम्ही झोपायचो. जिथे दाखवलं तिथे ‘सेल गेलेत, नवी घ्या’ हेच ऐकलं. तुम्ही मात्र विचारलंत, “टक्के राहू द्या. पडद्यावर करंट किती दिसतोय आणि तारेतून खरा किती जातोय?”

तोवर मला वाटायचं की टक्के मोजले जातात. ते मोजत नाहीत, आत-बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज-वजाबाकी करून काढतात, हे तुमच्यामुळे कळलं. दुकानाच्या खातेवहीत रोजची किरकोळ विक्री लिहायची राहिली तर शिल्लक फुगलेली दिसते, अगदी तसंच. हा करंट मोजतात तो शंटवर, म्हणजे वाटेत बसवलेल्या अगदी कमी रोधाच्या पट्टीवर पडणाऱ्या व्होल्टेजवरून. शंटचा रोध ०.१ मिलिओहम असेल, तर ०.१ ॲम्पिअरला त्यावर जेमतेम १० मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणून बरीच बीएमएस ठरावीक मर्यादेखालचा करंट शून्यच धरतात.

आमची गळती नेमकी तिथे होती. डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) आधी शून्यावर आणायला लावून तुम्ही मला मायनसची तार मोजायला सांगितलीत. यंत्र बंद, इन्व्हर्टर नुसताच चालू. मीटरवर सुमारे ०.८ ॲम्पिअर, पडद्यावर शून्य! तेवढा करंट २४ तास वाहिला तर १९ ॲम्पिअर-तास जातात, आणि वहीत त्यांचा पत्ताच नाही.

व्होल्टेज बघून का नाही ओळखायचं, हेही मी विचारलं होतं. या प्रकारच्या सेलचं विश्रांतीतलं व्होल्टेज २० पासून ८० टक्क्यांपर्यंत साधारण एक दशांश व्होल्टच सरकतं. मीटर जरासा चुकला तरी अंदाज कितीतरी टक्क्यांनी फसतो. ही सपाट मधली पट्टी समजल्यावर बाकीचं कोडं आपोआप सुटत गेलं.

पण खरी मेख दुसरीकडे होती, आणि ती तुम्हीच शोधलीत. बॅटरी पूर्ण भरली की बीएमएस हिशेब पुन्हा १०० वर आणतं, म्हणजे चूक साचून राहत नाही. आमच्याकडे ते घडतच नव्हतं. तिसरा सेल ३.६५ व्होल्टला, म्हणजे कमाल मर्यादेला, पोचायचा तेव्हा बाकीचे ३.४ च्या आसपासच असायचे आणि चार्जिंग तिथेच तुटायचं. ॲपमध्ये १०० टक्के लिहून टाकायची सोय होती, पण तुम्ही ती वापरू दिली नाहीत. आधी सगळी जोडणी सोडवून करंटचं शून्य नीट केलं, किमान करंटची मर्यादा खाली आणली. मग चार्जरचं व्होल्टेज १३.८ वर ठेवून बॅलन्सिंगला, म्हणजे चारही सेल एका पातळीवर यायला, सवड दिली. साध्या बीएमएसमध्ये बॅलन्सिंगचा करंट मिलिॲम्पिअरमध्ये असतो, इथे घाई चालत नाही, हे तुम्ही किती शांतपणे सांगत राहिलात! सेल जवळ आल्यावर १४.४ व्होल्ट, आणि चार्जिंगचा करंट ५ ॲम्पिअरच्या खाली उतरला तेव्हा कुठे १००.

शेवटी २० ॲम्पिअरच्या लोडवर बॅटरी रिकामी केली, तर ९७ ॲम्पिअर-तास मिळाले. सेल ठणठणीत होते. चांगली बॅटरी भंगारात जायची वाचली, याचा मला पैशांहून जास्त आनंद आहे.

तुम्ही एकदाही ‘बहुतेक असं असेल’ म्हणाला नाहीत, दर वेळी ‘मोजा आणि सांगा’ म्हणालात. या सवयीबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. वडिलांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत. तिसरा सेल अजून किंचित पुढे पळतो. दर चार्जिंगला चारही सेलची व्होल्टेज लिहून ठेवतोय, महिनाअखेरीस पाठवतो.

तुमचा ऋणी,
एक बॅटरीवाला