येताना आठ तास, जाताना दहा

टोकियो, १४ जानेवारी

ती. अण्णा आणि आई यांना सा. न.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अंतर तेवढंच, विमानही तसलंच, मग यायला आठ तास आणि परतायला दहा, असं कसं?" आवाज मध्येच तुटला आणि सांगायचं राहिलं. तीस वर्षं सातारा-मुंबई एसटी चालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबई ते टोकियो हवाई अंतर पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या सातारा-मुंबईच्या पंचवीस-सव्वीस खेपा, एका दमात!

फरक पाडतो तो वारा. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. विमानाचा स्वतःचा वेग ९०० धरा. इकडे येताना हा वारा पाठीशी, तिकडे जाताना तोंडावर. डिसेंबरात दादाच्या लग्नाला आले तेव्हा समोरच्या पडद्यावर बघत होते. टोकियो सोडल्यावर वेगाचा आकडा कितीतरी वेळ ७०० च्या आतच. परतताना जपान जवळ आलं तसा ११०० च्या पुढे गेला. आषाढात तुम्ही वाऱ्याच्या तोंडाला सायकल रेटत शेतावर जायचात आणि येताना पायडल न मारता घरी पोचायचात, अगदी तसंच.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो इथल्याच एका माणसाने, वासाबुरो ओइशी यांनी. त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि ते कुठे, किती वेगाने जातात याची नोंद ठेवायचे. १९२६ साली अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत, म्हणजे सगळ्या देशांतल्या लोकांसाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, परदेशातल्या लोकांनाही वाचता यावा म्हणून. पण बाहेर कुणी फारशी दखलच घेतली नाही. पुढे महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी विमानांना हाच वारा आडवा आला. इतकी वर्षं नेमाने केलेलं काम असं पडून राहिलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

तुम्ही एप्रिलात याल तेव्हा वाऱ्याचा जोर थोडा उतरलेला असेल. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे. रात्री ८ ला निघालात तर इथल्या सकाळी साडेसातला उतराल. परतीचं विमान सकाळी ११ चं मिळालं, तर दहा तास बसूनही मुंबईत संध्याकाळचे साडेपाचच वाजलेले असतील. अण्णा, त्या दिवशी बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आई, तू कडेची जागा घे. तासा-दीड तासाने उठून चार पावलं टाक, नाहीतर गुडघे आखडतील. आणि आंबे पिशवीत घालू नकोस, इथे विमानतळावर ताजी फळं काढून घेतात. मेतकूट मात्र आण.

मी सातलाच येऊन दारात उभी राहीन.

तुमची,
धाकटी