इंटर्नशिपचा अर्ज भरायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज रात्री मम्मीला वाचून दाखवला. कॅथलिक पेपरातच इंटर्नशिप करायची, तीपण बातम्यांची नाही तर मतं लिहायची, म्हणालीस ते ऐकून लई बरं वाटलं बघ. आपल्याकडं पोरांना नर्सिंग, बँक आणि गल्फ सोडून काय दिसत नाही, त्यात लिहिणारं एक निघालं तर आम्हाला अभिमानच की गे.

न्यूयॉर्कच्या 'अमेरिका' मॅगझिनची ओहेअर फेलोशिप म्हणालीस, जेज्विट फादर १९०९ पासून ते काढतात, पदवी झालेल्या पोरांना वर्षभर घेतात, तर भर की अर्ज. पण मुंबईचं 'द एक्झामिनर' विसरू नको, १८५० पासूनचं साप्ताहिक आहे, काम शिकायला घेतात का विचारून बघ. खोलीभाडं मी बघतो. पहिले काही महिने प्रूफं वाचायला लावतील, वाचकांची पत्रं छाटायला देतील, फोन करून तारखा तपासायला सांगतील, कंटाळू नको, हात तिथंच बसतो.

आता तुझा नमुना लेख, कर्नाटकच्या धर्मांतरबंदी कायद्यावरचा. राग खरा आहे, माझापण आहे, डिसेंबर २०२१ ला विधानसभेत ते बिल पास झालं तेच आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात, हायवेनं जाताना अजून आठवतंय. पण अख्ख्या लेखात एक कलम नाही गे! धर्म बदलायचा तर ३० दिवस आधी डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवायचं, आणि केस झाली तर जबरदस्ती केली नाही हे आरोपीनंच सिद्ध करायचं, एवढं दोन ओळीत सांगितलंस की आपल्या गल्लीतला हिंदू वाचकपण थांबून विचार करील. तू पहिल्याच पॅऱ्यात 'आमच्यावर अन्याय' लिहून मोकळी झालीस, मग पुढं कोण वाचतंय? बिल आणणारे म्हणत होते की आमिष दाखवून, फसवून धर्म बदलवतात, तेपण नीट मांड आणि मग खोडून काढ. सरकार बदलल्यावर जून २०२३ ला कॅबिनेटनं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं, तेही यायला पाहिजे.

आणि चर्चचं चुकतं तिथंपण लिहायचं. वसईच्या फादर दिब्रिटोंनी कितीतरी वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. फक्त आपल्या लोकांपुरतं लिहिलं असतं तर एवढ्या लोकांनी त्यांना आपलं मानलं असतं काय?

इंग्लिशमध्ये लिहालीस ते लिही, पण हा लेख आधी मराठीत करून मला पाठव. आपल्या पॅरिशमधल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवतो, कुठं अडतंय ते तेच सांगतील, मग अर्जाला जोड.

पप्पा